गाडी रंगवायला शिकायचंय : स्प्रे गन स्वस्त घ्यावी की पहिल्यापासून चांगलीच?

धायरीकर :
वडिलांची १९९८ ची मारुती ८०० दारात उभी आहे. इंजिन ठणठणीत, पण बॉनेट आणि छपराचा रंग उन्हानं पार गेलाय. स्वतः शिकून रंगवायची असं ठरवलंय. घाई नाही, वर्ष लागलं तरी चालेल. परवा पुण्यात बोहरी आळीत दुकानदारानं तीन गन समोर ठेवल्या. एक खाली लिटरचा डबा लटकणारी सक्शन गन, दुसरी वर ६०० मिलीचा कप असलेली १.४ मिमी नोझलची (रंग बाहेर पडायच्या भोकाची) स्वस्त एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबावर चालणारी, आणि तिसरी जपानी, जिची किंमत ऐकून मी ती दोन्ही हातांनी परत ठेवली. घरी २ एचपीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आहे. माझं मत असं की हात बसेपर्यंत स्वस्तातली एचव्हीएलपी वापरावी. शिकताना गन खराब होणारच, मग महागाची कशाला घालवा? चुकत असेन तर सांगा.

निगडीवाला :
चुकताय. गन शिकण्यानं खराब होत नाही, न धुण्यानं होते. तशी ती उस्तादाचीही होते. स्वस्त गनचा खरा तोटा वेगळाच आहे. ओघळ आला तर तो हाताचा की गनचा, हेच नवशिक्याला कळत नाही. मुरलेला पेंटर हवा जरा कमी-जास्त करतो, माल पातळ करतो आणि गनची खोड सांभाळून घेतो. म्हणजे खोडकर गन उस्तादाला द्यावी आणि सरळ गन शिकाऊला. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

भोसरीचा पेंटर :
निगडीवाल्यांचं बोलणं ऐकायला छान आहे, पण मी वीस वर्षं हेच काम करतोय आणि शिकलो ते मालकाच्या गळक्या सक्शन गनवर. दोष कुणाचा हे ओळखायला महाग गन लागत नाही, रद्दी पेपर लागतो. पेपर भिंतीला लावा. गनच्या तोंडावरची एअर कॅप फिरवून फवारा आडवा करा आणि ओघळ येईपर्यंत ट्रिगर दाबून धरा. ओघळ सगळीकडे सारखे आले तर गन ठीक. एका बाजूला जास्त आले तर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. दोष कॅपबरोबर फिरला तर कॅपच्या भोकात रंग अडकलाय. जागेवरच राहिला तर नोझलमध्ये गडबड. भोकं साफ करायला तार घालू नका, थिनरमध्ये बुडवून मऊ ब्रश वापरा. एवढं केल्यावरही छपरावर ओघळ आले, तर दादा, ते तुमचेच.
आणि सराव गाडीवर करायचा नाही. भंगारातून एक ठोकलेलं बॉनेट आणा. सहा ते आठ इंचांवरून, मनगट न वळवता, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत मारा. पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा मारा. दहा वेळा झालं की मग गनच्या गप्पा करू.

निगडीवाला :
पेपरची चाचणी मान्य, रोज करावी अशीच आहे. पण नोझल वाकडं निघालं तर पुढे काय? नोझल, सुई आणि कॅप हा एकमेकांना बसणारा संच असतो. नाव नसलेल्या गनचा संच मिळत नाही, पॅकिंगसुद्धा मिळत नाही. मग दुसरी स्वस्त गन, मग तिसरी. मी स्वतः तीन घेतल्या. जपानीच घ्या असं मी म्हणत नाही, पण जिचे सुटे भाग पुण्यात मिळतात तीच घ्या.

सिंहगड रोड ७६ :
तुम्ही दोघं गनवर भांडताय आणि धायरीकरांचा कॉम्प्रेसर कोपऱ्यात हसतोय. एचव्हीएलपी म्हणजे हवा भरपूर, दाब कमी. कॅपपाशी १० पीएसआयच्या आत. म्हणून रंग उडून वाया कमी जातो, पण अशा बहुतेक गन १० ते १४ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा पितात. २ एचपीच्या पाटीवर ७-८ सीएफएम छापलेलं असतं आणि तेही पिस्टन डिस्प्लेसमेंटचं, म्हणजे कागदावरच्या हिशोबाचं; प्रत्यक्ष हवा त्याहून कमीच मिळते. अर्धं छप्पर होईतो टाकी रिकामी, फवारा जाड, आणि रंगाला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे. मग शिव्या गनला. स्वस्त घ्या नाहीतर महाग, आधी ती किती हवा खाते ते विचारा.

धायरीकर :
दुकानदारानं यातलं काहीच सांगितलं नाही. मग काय, आता ३ एचपीचा कॉम्प्रेसरही घेऊ? गाडीच्या किमतीपेक्षा सामान महाग व्हायला लागलंय.

भोसरीचा पेंटर :
नका घेऊ. एकेक पॅनल करा. दार झालं, टाकी भरू द्या, मग दुसरं दार. छपरापुरता मित्राचा कॉम्प्रेसर आणा. पाइप मात्र ८ मिमीचा घ्या, बारीक पाइपमध्ये दाब मरतो. आणि दाब बघायचा तो ट्रिगर दाबून, गनपाशी. हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटवून लावू नका, तिथं हवा गरम असते, पाणी सुटत नाही. वीस-पंचवीस फूट लांब लावा. पावसाळ्यात तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंटला हात लावू नका, पांढरट झाक धरते.

कोथरूडची ताई :
पार्किंगमध्ये मारणार असाल तर शेजाऱ्यांच्या गाड्या आधी हलवा. आमच्या सोसायटीत एकानं स्कूटर रंगवली आणि चार गाड्यांवर खरखरीत धूळ बसली. पॉलिशचा खर्च कुणी द्यायचा, यावर अजून मीटिंगा चालू आहेत.
आणि मास्कबद्दल कुणीच बोललेलं नाही. पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे रंगावरचा शेवटचा पारदर्शक थर, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. गंमत म्हणजे डेव्हिलबिस हे आज गनचं नाव असलं, तरी मूळ डेव्हिलबिस हे अमेरिकेतल्या टोलेडोचे घशाचे डॉक्टर. रुग्णांच्या घशात औषध मारायला त्यांनी फवारा काढला, त्यावरून मुलानं पुढे रंगाची गन केली. ज्या घशासाठी हे सगळं निघालं, तो तरी सांभाळा.

निगडीवाला :
ताई, याला शंभर टक्के अनुमोदन. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल तर क्लिअर घरी मारूच नका. प्रायमर (रंगाखालचा थर) घासणं, बेसचा (मूळ रंगाचा) सराव घरी करा, क्लिअरला गाडी पेंट बूथवाल्याकडे न्या.

भोसरीचा पेंटर :
इथं आपलं जमलं म्हणायचं. फक्त एनसीवर शिकून पीयूवर जायचं असेल तर सांभाळा. एनसी झटकन सुकतं, त्यामुळे एनसीवर बसलेला हात पीयूवर भराभर ओततो आणि दारावर पडदे लोंबतात.

धायरीकर :
ठरलं. जपानी नाही, एचव्हीएलपीही नाही. सुटे भाग मिळणारी, वर कपाची, कमी हवा खाणारी १.३ ची गन बघतो आणि वाचलेल्या पैशात ट्रॅप आणि ८ मिमीचा पाइप घेतो. बुधवारी जुन्या बाजारात बॉनेट शोधायला जाणार आहे. कुणाला यायचंय?

निगडीवाला :
१.३ नं प्रायमर मारायला जाल आणि पुन्हा इथंच येऊन रडाल. प्रायमरला १.७ किंवा १.८ लागतं.

भोसरीचा पेंटर :
बघा, प्रायमरला दुसरी स्वस्तातली गन आलीच की परत!