१५ वर्षांचा कार अलार्म : दुरुस्त करायचा का सरळ उपटून टाकायचा?

विश्रामबागकर

मंडळी, घरी २०१० ची वॅगनआर आहे, एमएच-१०, म्हणजे आपली सांगली. मागच्या वर्षी १५ वर्षं भरली म्हणून री-पासिंग केलं, ग्रीन टॅक्स भरला, म्हणजे गाडी अजून ५ वर्षं ठेवायचीच आहे. घेतली तेव्हाच वडिलांनी बाहेरच्या दुकानातनं सेंट्रल लॉक आणि रिमोट अलार्म बसवून घेतला होता. तेव्हा काय ती ऐट, टुक टुक वाजलं की गल्लीतली पोरं वळून बघायची.

आता तोच अलार्म जिवावर उठलाय. रात्री अडीचला वाजतो. रोज नाही, दोन-तीन दिवसांनी, त्यामुळं नीट रागही काढता येत नाही. ऊस सीझन चालू आहे, ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या आणि गाणी घेऊन मेन रोडनं धडधडत जातात त्यानं वाजत असेल असा माझा अंदाज. रिमोट तीनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. आणि गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं टकटकटक. परवा रात्री बंद करायला बाहेर आलो तर शेजारचे काका बनियनवर त्यांच्या फाटकात उभे. बोलले काही नाहीत, नुसते बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इलेक्ट्रिकवाला म्हणतो नवीन सिस्टीम टाका, साडेचार हजार. माझं मत असं की एक रुपया घालायचा नाही, सगळं उपटायचं आणि आजोबांसारखं किल्लीनं दार उघडायचं. तसंही अलार्म वाजला म्हणून कोण बघायला येतं? तुमचं काय म्हणणं?

कंदीपेढा_सातारा

उपटा. विषय संपला. साताऱ्यात पोवई नाक्यावर एक गाडी दहा मिनिटं बोंबलत होती, शेजारी टपरीवर वीसेक माणसं चहा पीत होती, एकानंही मान वळवली नाही. मी पण त्यातलाच एक, खोटं कशाला सांगू. चोराला आवाजाची भीती नसते, वेळ लागण्याची असते. गिअरचा दांडा अडकवणारं गिअर लॉक बसवा, लोखंडाला बॅटरी लागत नाही आणि ते अडीचला गातही नाही. माझा अलार्म तीन वर्षांमागं काढला, अर्ध्या तासाचं काम.

वायरिंगवाला_मिरज

अर्ध्या तासाचं काम म्हणणाऱ्यांच्यामुळंच आमचं दुकान चालतं दादा.

२२ वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, वाचायचं तर वाचा. अलार्म म्हणजे नुसता भोंगा नाही. डॅशबोर्डखाली एक डबी असते, तिच्यातनं दारांच्या स्विचला, बॉनेटच्या स्विचला, धक्का ओळखणाऱ्या शॉक सेन्सरला, इंडिकेटरला, सेंट्रल लॉकच्या मोटरींना आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टार्टरच्या वायरला जोड असतो. स्टार्टरची मूळ वायर मधोमध कापून तिथं एक रिले (करंटवर चालणारा स्विच) टाकलेला असतो, म्हणजे अलार्म चालू असताना कुणी किल्ली फिरवली तरी सेल्फ लागू नये. आता तुम्ही भावनेच्या भरात तो रिले उपसला की ती कापलेली वायर उघडीच राहते. सेल्फ कायमचा गप्प, मग टोईंगवाल्याचे पैसे द्या. काहींच्यात स्टार्टरऐवजी इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाची वायर कापलेली असते, एकानं घरीच ती पीळ देऊन टेप मारून जोडली होती, गाडी खंबाटकी घाटात चढावर बंद पडली. घरच्या टेपचा जॉइंट उन्हाळ्यात चिकट होऊन सरकतो. सोल्डरिंगचा डाग आणि वर स्लीव्ह पाहिजे.

आणि विश्रामबागकर, तुमची तीन दुखणी तुम्ही एका रोगात घातलीत. रात्री वाजणं वेगळं, बॅटरी उतरणं वेगळं, रिमोट वेगळा. नवीन सिस्टीम टाकून यातलं एखादं जाईलही, बाकीची तशीच राहतील आणि साडेचार हजार मात्र जातील. गाडी बंद असताना बॅटरीतनं किती करंट जातो ते आधी मोजा. मीटर १० अँपिअरवर, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मीटर मध्ये घाला. बॉनेटचा स्विच टेपनं दाबून ठेवा नाहीतर बोंबलेल, रिमोटनं लॉक करा आणि वीस मिनिटं हात लावू नका. ५० मिलीअँपिअरच्या आत आलं तर ठीक. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज गेला म्हणून माझ्याकडं भांडायला येऊ नका.

नाईट_ड्युटी

मी मिरजेत नर्स आहे, रात्रपाळी करून दिवसा झोपते. तुमच्या मिलीअँपिअरशी मला घेणंदेणं नाही. मिरज म्हणजे पावलोपावली दवाखाना, दवाखान्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी असते, आणि तुमचा हा भोंगा तेवढा कायद्याच्या वर? आमच्या वॉर्डच्या मागं एक गाडी लागते. तिचा मालक दोन गल्ल्या पलीकडं राहतो, त्याला ऐकूच जात नाही. ऐकू जातं ते ऑपरेशन झालेल्या आजींना, दचकून उठतात आणि मला विचारतात, बाई काय झालं. दुरुस्त करा नाहीतर उपटा पण दुरुस्त होईपर्यंत त्या भोंग्याची वायर तरी काढा की ओ.

विश्रामबागकर

ताई, आज संध्याकाळीच काढतो. खरंच.

गोडोलीकर

थांबा थांबा, एकाच बाजूनं चाललंय सगळं. मी अलार्मच्या बाजूचा. आमची गाडी घराबाहेर रस्त्यावरच असते, जागाच नाही. दोन वर्षांमागं पहाटे अलार्म वाजला, गॅलरीत येऊन लाईट लावला तर बॉनेट उघडं आणि एक जण पळतोय. बॅटरीचा एक नट सैल करून झाला होता. गिअर लॉकवाल्या पेढ्यांना विचारतो, तुमच्या त्या लोखंडानं बॅटरी वाचते का? स्टेपनी वाचते का? १५ वर्षांची गाडी कोण चोरून नेतोय, नेतात ते सुटे पार्ट. तिथं गिअर लॉक काय करणार, शोभेला?

कंदीपेढा_सातारा

एकदा वाजला आणि चोर पळाला, हे मान्य. आणि त्याच्या आधी मांजर, फटाके, गणपतीची मिरवणूक, पाऊस यांच्यासाठी किती वेळा वाजला ते पण सांगा ना. तुम्ही त्या दिवशी गॅलरीत आलात हे नशीब. लांडगा आला रे आला झालं की एक दिवस माणूस कूस बदलून झोपतो.

गोडोलीकर

माझा उगाच वाजत नाही कारण मी शॉक सेन्सरचा स्क्रू फिरवून कमी करून घेतलाय. पाच मिनिटांचं काम. लोक बसवून घेतात आणि १५ वर्षं त्याच्याकडं बघत नाहीत, मग म्हणणार अलार्म वाईट.

कृष्णाकाठ

२०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमची गाडी गावभागात होती, सीटपर्यंत पाणी. गाडी धुऊन वाळवून चालू झाली, अलार्म पण वाजला, सगळे खूश. दीड वर्षानं एकेक दार मनानं लॉक-अनलॉक व्हायला लागलं. डबी उघडली तर आतल्या सर्किटवर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं. पाण्यात गेलेलं असेल तर दुरुस्तीच्या नादाला लागू नका, एक जागा साफ केली की दुसरी सडते. वायरिंगवाले दादा काहीही म्हणोत, अशा वेळी उपटणंच खरं.

वायरिंगवाला_मिरज

पुरातली डबी असेल तर मी पण उपटाच म्हणतो. तिथं वाद नाही. पण विश्रामबागात बऱ्याच ठिकाणी पाणी आलंच नव्हतं. मोजलं का ओ?

विश्रामबागकर

मोजलं. मेहुण्याचा मीटर आणला. वीस मिनिटांनी १९० मिलीअँपिअर. अलार्मचा फ्यूज काढला (स्टिअरिंगखाली वायरमध्येच लोंबणारा, सापडायला अर्धा तास गेला आणि मान धरली) तर ३० वर आलं. म्हणजे १६० एकटा अलार्म पितोय. आता बोला. मी म्हणत होतो तेच बरोबर, म्हातारा झालाय, उपटा.

कंदीपेढा_सातारा

घ्या. आकडाच बोलला.

वायरिंगवाला_मिरज

आकडा बोलला, पण तुम्हाला ऐकू वेगळं आलं.

अलार्मची डबी आणि तिचा लाल लुकलुकणारा दिवा मिळून १५-२० च्या वर घेत नाहीत. १६० मधले हे वजा करा, राहतात साधारण १४०-१४५. हा आकडा मी झोपेत ओळखतो. गाडीच्या साध्या १२ व्होल्ट रिलेची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तेवढंच घेते. एक काम करा, गाडी रिमोटनं लॉक करून तासभर ठेवा, मग खिडकीतनं हात घालून तो स्टार्टरचा रिले चाचपा (काच आधीच खाली ठेवा). चौकोनी काळा, दोन बोटांत मावतो. गरम लागला तर फोन न करता मी सांगतो काय झालंय.

विश्रामबागकर

दादा, गरम आहे! चटका नाही पण चहाचा रिकामा कप असतो तसा. बाकी सगळं थंडगार आणि तेवढाच गरम. काय भानगड आहे ही?

वायरिंगवाला_मिरज

भानगड २०१० सालची आहे. तो रिले अलार्म चालू असताना कॉइल ओढून स्टार्टरची वायर तोडतो. कॉइलचा प्लस इग्निशनवरनं घ्यायचा असतो. म्हणजे कुणी किल्ली फिरवली तरच कॉइलला करंट मिळतो, एरवी शून्य. बसवणाऱ्यानं शॉर्टकट मारून प्लस डायरेक्ट बॅटरीचा घेतलाय. म्हणजे तुम्ही गाडी लॉक केली की रिले रात्रभर ओढून बसतो.

हिशेब करा. १९० म्हणजे दिवसाला साडेचार अँपिअर-अवर. चार दिवसांत अठरा. बॅटरी ३५ ची, ती पण पाच वर्षांची, तिच्यात खरे वीस-बावीस राहिले असतील तर पुष्कळ. मग टकटकटक नाही होणार तर काय. तुमचे वडील गाडी रोज चालवत असणार, रोज चार्ज व्हायची, म्हणून १५ वर्षं कळलं नाही. चूक पहिल्या दिवसापासूनची आहे.

विश्रामबागकर

वडील रोज कुपवाड एमआयडीसीला जायचे गाडीनं. रिटायर झाल्यापासून गाडी रविवारी निघते. तारीख बरोबर जुळते राव. बॅटरीचा त्रास तेव्हापासूनचाच.

गोडोलीकर

😀 आता पेढे वाटा.

कंदीपेढा_सातारा

मला काय सिद्ध झालं ते कळलं नाही. बसवणारा चुकला, कळायला १५ वर्षं लागली, आणि शोधायला २२ वर्षांच्या अनुभवाचा माणूस लागला. ही वस्तू चांगली म्हणायची? कंपनीतनं येणारं, ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारं इमोबिलायझर बघा, मारुतीचं आय-कॅट्स घ्या, किल्लीतच चिप, आवाज नाही, कापाकापी नाही. बाहेरनं बसवलेल्या अलार्मचा दर्जा म्हणजे त्या दिवशी दुकानातल्या पोराला घरी जायची किती घाई होती त्यावर.

वायरिंगवाला_मिरज

हे मात्र शंभर टक्के खरं बोललात. मी पण कधीतरी तो पोरगा होतो.

नाईट_ड्युटी

रिले सापडला, छान. भोंगा का वाजतो ते सापडलं का? तिथंच तर सुरुवात झाली होती.

विश्रामबागकर

ताई, आठवडाभर त्याच मागं होतो. भोंग्याची वायर काढून त्या जागी एक छोटा बझर लावला, खिडकीशी झोपलो की मला एकट्यालाच ऐकू येईल एवढाच. वायरिंगवाल्या दादांनी सांगितलेलं की एका वेळी एकच सेन्सर काढायचा. पहिल्यांदा शॉक सेन्सरचा कपलर काढला. मला खात्री होती की ट्रॅक्टरच. दुसऱ्या रात्री तरी वाजला! म्हणजे मी दोन महिने ऊसवाल्यांना उगाच शिव्या घातल्या. मग दारं. छताचा लाईट चालू ठेवून एकेक दार हलवून बघितलं, लाईट अजिबात लुकलुकला नाही, दारं ठीक. राहिला बॉनेटचा स्विच.

तो बघितला आणि हसायलाच आलं. बोटाएवढा पण नाही, स्प्रिंगवरचा एक खिळा, भोवती रबराची टोपी होती ती फाटून गेलेली, खिळ्याला हिरवी पूड चढलेली आणि खाली पत्र्यावर गंज. रात्री दव पडलं की त्या ओल्या पुडीतनं स्विचला अर्थिंग मिळायचं आणि डबीला वाटायचं बॉनेट उघडलं. ज्या रात्री दव नाही त्या रात्री गप्प. नवीन स्विच ऐंशी रुपयांत आला.

रिलेची वायर दादांच्या दुकानात जाऊन इग्निशनवर घेतली. आता लॉक करून ४५ मिलीअँपिअर. बॅटरी मात्र बदलावी लागणार, चार्ज करून रात्रभर ठेवली तरी सकाळी १२.२ व्होल्टच दाखवते.

गोडोलीकर

आणि रिमोट?

विश्रामबागकर

आतला १२ व्होल्टचा छोटा सेल बदलला, तीनाचे दोन झाले. दादा म्हणाले डबीतनं निघणारी अँटेनाची वीतभर वायर पत्र्याला गुंडाळलेली असणार, ती मोकळी सोडा. पुढच्या रविवारी, मान सुटली की.

कंदीपेढा_सातारा

म्हणजे उपटत नाही तर.

विश्रामबागकर

डबी ठेवली, सेंट्रल लॉक ठेवलं, बॉनेट स्विच ठेवला. शॉक सेन्सर काढला तो परत लावला नाही. आणि तुमचं ऐकून गिअर लॉकची चौकशी पण करून आलो. दोन्हीकडनं शिव्या खायची तयारी आहे.

नाईट_ड्युटी

आणि भोंगा?

विश्रामबागकर

भोंगा परत जोडलाय ताई. कालची रात्र गप्प गेली. काकांना सकाळी आपणहून सांगितलं, दुरुस्त झाला म्हणून. ते म्हणाले, बघू, दव पडू दे.