फ्रेंच प्रेसचे काचेचे भांडे फुटले आहे. बदली भांडे कोणत्या मापाने मागवावे?

नमस्कार. माझ्या फ्रेंच प्रेसचे (दट्ट्याने जाळी खाली दाबून कॉफी गाळण्याच्या उपकरणाचे) काचेचे भांडे धुताना नळावर आपटून फुटले. दट्ट्या, जाळी, झाकण आणि धातूची फ्रेम अगदी उत्तम स्थितीत असल्यामुळे केवळ काचेपायी सगळा संच टाकून देणे मनाला पटत नाही. भांड्यावर कंपनीचे नाव किंवा क्रमांक नव्हता. म्हणून 'आठ कप, १ लिटर' असे वर्णन असलेले भांडे मागवले, परंतु ते फ्रेमच्या कड्यातून खाली उतरलेच नाही. आता पुन्हा चूक होऊ नये, यासाठी नेमकी कोणती मापे घ्यावीत? प्रयोगशाळेत वापरतात ते १ लिटरचे बोरोसिलिकेट (उष्णता सहन करणाऱ्या काचेचे) बीकर याऐवजी चालेल का?

प्रतिसाद:
सर्वप्रथम एक विनंती. दट्ट्याचा खालचा भाग फिरवून पूर्ण उघडा आणि जाळी वाहत्या पाण्याखाली धुऊन उजेडात नीट तपासा. काचेचे कण जाळीच्या कडेला अडकून राहतात आणि ते कॉफीतून थेट पोटात जाऊ शकतात; शंका वाटली तरी जाळी बदलावी.

कपांच्या आकड्यावर विसंबू नका. फ्रेंच प्रेसच्या मापात एक कप म्हणजे सुमारे १२५ मि.लि. धरतात, त्यामुळे आठ कप म्हणजे १ लिटर, परंतु त्यातून केवळ धारकता कळते. भांडे बसते ते व्यासावर. बाहेरचा व्यास फ्रेमसाठी, आतला व्यास जाळीसाठी आणि उंची झाकणासाठी महत्त्वाची असते. फुटक्या काचेवर मापे घेण्यापेक्षा फ्रेमच्या कड्याच्या आतून कागदाची पट्टी फिरवा, टोके जुळतात तेथे खूण करा आणि त्या लांबीला ३.१४ ने भागा. भांड्याचा बाहेरचा व्यास त्याहून किंचित कमी असायला हवा. आतल्या व्यासासाठी दोन मापे घ्या: जाळीखालच्या छिद्रांच्या ताठ चकतीचे आणि स्प्रिंगसह मोकळ्या सोडलेल्या जाळीचे. काचेचा आतला व्यास या दोहोंच्या मधला हवा, कारण स्प्रिंग जाळीची कड काचेवर दाबून धरते. भांडे रुंद निघाले तर कडेने भुकटी वर येते. अरुंद निघाले तर दट्ट्या जोराने दाबावा लागतो, आणि उकळत्या पाण्याने भरलेल्या काचेवर असा जोर लावणे फार धोक्याचे आहे.

प्रयोगशाळेच्या बीकरची काच उत्तम असते, हे खरे. बोरोसिलिकेट काच उष्णतेने साध्या काचेच्या जवळपास एक तृतीयांशच प्रसरण पावते. परंतु १ लिटरच्या नेहमीच्या बुटक्या बीकरचा बाहेरचा व्यास सुमारे १०५ मि.मी. असतो, तर आठ कपांच्या अनेक प्रेसचा १०० मि.मी.च्या आसपास. उंच प्रकारचे बीकर ९५ मि.मी.चे असते आणि ते फ्रेममध्ये डळमळेल. रसायने ठेवलेले बीकर तर कितीही धुतले तरी स्वयंपाकघरात आणू नये.

मागवण्यापूर्वी चोचही पाहा. काही प्रेसमध्ये ती काचेलाच असते, काहींमध्ये झाकणाला असते आणि काचेची कड सरळ गोल असते. फ्रेमला स्क्रू असेल, तर तो भांडे हलणार नाही एवढाच आवळा. जास्त ताण राहिल्यास पुढे काच तडकू शकते.

मूळ प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. कड्याचा आतला घेर ३१७ मि.मी. भरला, म्हणजे व्यास सुमारे १०१ मि.मी. आणि आधी मागवलेले भांडे मोजले तर १०५ मि.मी. निघाले. ताठ चकती ९४ आणि मोकळी जाळी ९८ मि.मी. आहे. त्यामुळे बाहेरून १०० आणि आतून ९६ मि.मी.चे, चोच असलेले भांडे मागवत आहे. आपण सांगितल्याप्रमाणे जाळी उघडली, तेव्हा स्प्रिंगच्या वेटोळ्यात काचेचा एक बारीक कण सापडला, म्हणून जाळी आणि स्प्रिंगही नवीनच घेणार आहे.