कोमट नव्हे, तळघरातली

कुणीतरी म्हटलंय की इंग्लिश एल (तिथली पारंपरिक बिअर) म्हणजे कोमट, गॅस उडालेली बिअर. मला हे अजिबात पटत नाही. कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी एल, तळघराच्या तापमानाला, साधारण ११ ते १३ अंशांवर देतात. पिंपातलं यीस्ट जिवंत असतं, शेवटचं आंबणं पबच्या तळघरातच होतं आणि बुडबुडे त्यातूनच येतात. बाहेरून गॅस भरत नाहीत, हातपंपाने ओढतात. एकदा पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं. त्यामुळे चव निम्मी तरी तळघर सांभाळणाऱ्याच्या हातात असते!

आणि स्वतःची बिअर स्वतः गाळणारे पब? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या इंग्लंडात असे जुने चारच उरले होते. त्यातला कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनचा 'ब्लू अँकर' आजही चालू आहे. गवताने शाकारलेलं छप्पर, मूळची मठवासीयांची विश्रांतीची जागा. त्यांच्या एलला 'स्पिंगो' म्हणतात. त्यातली 'मिडल' आधी प्या. पहिल्या महायुद्धातून गावात परतलेल्यांच्या स्वागतासाठी ती पहिल्यांदा केली होती. 'स्पेशल' बरीच कडक आहे, अर्धा पिंटच (पाव लिटरहून थोडी जास्त) मागवा.