फुप्फुसाचा प्रगत कर्करोग आणि पेप्टाइड लसीच्या चाचण्या : नागपुरातून काय करता येईल?

प्रश्न | त्रिमूर्तीनगरकर

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६३ वर्षे आहे. खोकला हटेना म्हणून सी.टी. स्कॅन केला, तेव्हा उजव्या फुप्फुसात गाठ आणि फुप्फुसाच्या आवरणात पाणी आढळले. बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा (फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार), चौथी स्टेज असे निदान झाले. ईजीएफआर आणि एएलके या गाठीतील जनुकीय बदलांच्या तपासण्यांचे दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आहेत. नागपुरातच केमोथेरपी आणि सोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे (प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारे) औषध असे चार डोस झाले, गाठ बरीच लहान झाली आणि आता दर तीन आठवड्यांनी मेंटेनन्स सुरू आहे.

दरम्यान एका नातेवाइकांनी पेप्टाइड लसीची माहिती पाठवली आणि त्यांच्याच ओळखीतून एक गृहस्थ घरी येऊन गेले. परदेशातील लस मागवून देतो, तिच्याने रोग आटोक्यात येतो, मात्र सुरू असलेले उपचार थांबवावे लागतील, असे त्यांचे म्हणणे आहे. रक्कम काही लाखांची आहे. आई मंगळसूत्र मोडायला तयार झाली आहे, म्हणून मला घाईने पण नीट समजून घ्यायचे आहे. या लसींची चाचणी खरोखर झाली आहे का, तिचा निष्कर्ष काय, आणि वडिलांना एखाद्या अधिकृत चाचणीत भाग घेता येईल का? डॉक्टरांना विचारले, पण ओ.पी.डी.त पाच मिनिटांपलीकडे बोलणे होत नाही.

उत्तर | धंतोलीचे निवृत्त छातीरोगतज्ज्ञ

ज्या उपचाराने गाठ लहान होत आहे, त्यात कोणाच्याही सांगण्यावरून खंड पाडू नका. बाकीचे सगळे यानंतर.

पेप्टाइड लस ही आजार होऊ नये म्हणून द्यायची लस नाही. कर्करोगाच्या पेशींवर जी प्रथिने जास्त प्रमाणात किंवा बदललेल्या रूपात असतात, त्यांचे छोटे तुकडे, म्हणजे साधारण नऊ-दहापासून पंचवीस-तीसपर्यंत अमिनो आम्लांच्या साखळ्या, प्रयोगशाळेत तयार करून त्वचेखाली टोचायचे आणि शरीरातील टी-पेशींना (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना) त्या खुणेची ओळख पटवून गाठीवर सोडायचे, अशी ही कल्पना आहे. ती बनवायला तुलनेने सोपी आहे आणि तिचे दुष्परिणामही थोडे आहेत. अडचण आहे ती परिणामाची. अमेरिकेतील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये (आपल्या जामठ्याच्या संस्थेचे नावही तेच आहे, म्हणून देश स्पष्ट केला) स्टीव्हन रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ साली त्यांच्याकडे कर्करोगावर, बहुतांशी मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर, लस दिलेल्या ४४० रुग्णांचा हिशेब मांडला. गाठ ठळकपणे लहान झालेल्यांचे प्रमाण २.६ टक्के भरले. टी-पेशी रक्तात वाढलेल्या दिसत आणि तरीही गाठ वाढत राही, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. त्यामुळे ‘लसीने प्रतिकारशक्ती वाढली’ असे कोणी सांगितले, तर आयुष्य वाढले का, हा पुढचा प्रश्न आवर्जून विचारावा.

फुप्फुसाच्या कर्करोगात याची सर्वांत मोठी परीक्षा टेसेमोटाइड या लसीची झाली. एमयूसी-१ नावाच्या प्रथिनाचा २५ अमिनो आम्लांचा तुकडा मेदाच्या सूक्ष्म थेंबांत बसवून ती तयार केली होती. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या तिसऱ्या स्टेजच्या दीड हजारांहून अधिक रुग्णांना केमो आणि रेडिएशननंतर चिठ्ठीपद्धतीने ही लस किंवा निष्क्रिय इंजेक्शन देण्यात आले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) लसीच्या गटात २५.६ महिने आणि दुसऱ्या गटात २२.३ महिने. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता, म्हणून चाचणी अयशस्वी ठरली. ज्यांना केमो आणि रेडिएशन एकाच वेळी मिळाले होते, तेवढ्याच रुग्णांचे आकडे वेगळे काढले असता ३०.८ विरुद्ध २०.६ महिने असे चित्र दिसले आणि आशा पालवली. त्याच गटासाठी नवी चाचणी सुरू झाली, परंतु दरम्यान जपानमधील एका छोट्या चाचणीत काहीच लाभ दिसला नाही आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने काम थांबवले. मोठ्या चाचणीतून एक उपगट नंतर वेचून काढला की तो बहुधा आशादायक दिसतो, आणि जाहिरातीत नेमका तोच आकडा येतो. मला याची फार चीड आहे, कारण त्या आकड्यावर माणसे घरदार विकतात.

तुमच्याकडे आलेले गृहस्थ क्यूबाच्या सिमाव्हॅक्सविषयी बोलत असतील, तर ती काटेकोर अर्थाने पेप्टाइड लस नाही. ईजीएफ हे पेशींची वाढ चेतवणारे संपूर्ण प्रथिन एका जिवाणूच्या प्रथिनाला जोडून ती बनवतात. तिचे संशोधन प्रामाणिक आहे, ४०५ रुग्णांची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली आहे. पण तिथे लस दिली ती पहिली केमो आटोपलेल्या रुग्णांना, आणि तुलना केली ती केवळ आधारभूत उपचार मिळालेल्यांशी. तुमच्या वडिलांना मिळत असलेले पेम्ब्रोलिझुमॅब त्या तुलनेत कुठेच नव्हते. ते सोडून ही लस घ्यावी, असे त्या चाचणीतून मुळीच निघत नाही.

उत्तर | जीवरसायन_अध्यापिका

वरील उत्तराला एक जोड देते, कारण सगळ्याच पेप्टाइड लसी निकालात निघाल्या असा समज होऊ नये.

लहान पेप्टाइड टी-पेशींना दिसते ते पेशीच्या पृष्ठभागावरील एचएलए रेणूंमध्ये बसल्यावरच, आणि हे रेणू माणसागणिक वेगळे असतात. म्हणून अशा अनेक चाचण्यांत प्रवेशासाठी एचएलए-ए२ हा प्रकार असणे ही पहिली अट असते. युरोपीय लोकांत तो जवळजवळ निम्म्यांमध्ये सापडतो. भारतीयांत ए२चे पोटप्रकार वेगळ्या प्रमाणात आहेत, त्यामुळे तिकडचा निष्कर्ष इकडे जसाच्या तसा लावताना जपावे लागते. आपल्याकडील रुग्णांवर स्वतंत्र चाचण्या व्हाव्यात, असे मला यामुळेच मनापासून वाटते.

ओएसई-२१०१ या लसीत दहा पेप्टाइड आहेत. त्यांपैकी नऊ एचईआर-२, सीईए, पी-५३ यांसारख्या पाच प्रथिनांतून घेतलेली आहेत आणि दहावे मदतनीस टी-पेशींना चेतवण्यासाठी आहे. इम्युनोथेरपीनंतर रोग पुन्हा वाढलेल्या, ए२ प्रकार असलेल्या २१९ रुग्णांना ही लस किंवा नेहमीची दुसऱ्या फळीतील केमो देण्यात आली. कोविडमुळे भरती मध्येच थांबवावी लागली. ज्यांना इम्युनोथेरपीचा आधी काही काळ गुण आला होता आणि नंतर रोग उलटला होता, अशा ११८ जणांत मध्यम आयुर्मान लसीने ११.१ महिने आणि केमोने ७.५ महिने आले, शिवाय गंभीर दुष्परिणामही लसीच्या गटात बरेच कमी होते. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले. मुख्य विश्लेषण या गटापुरते सीमित करण्याचा निर्णय चाचणी सुरू झाल्यानंतरचा होता, म्हणून पुष्टीसाठी नवी चाचणी हाती घेण्यात आली. अशा लसीचा विचार इम्युनोथेरपीचा गुण ओसरल्यावर होतो, वडिलांना आज तिची गरज नाही.

टोचलेल्या जागेविषयीही सांगून ठेवते. यातल्या अनेक लसी तेलात घुसळून देतात, त्यामुळे दंडावर किंवा मांडीवर सुपारीएवढी कडक, लालसर गाठ राहते आणि ती बरेच दिवस दुखते. ती दिसली म्हणून लस लागू पडली असे नव्हे. उंदरांवरील एका अभ्यासात चेतवलेल्या टी-पेशी त्या तेलकट साठ्याभोवतीच अडकून संपून गेल्याचे आढळले होते.

उत्तर | सावनेर_रोड

माझी पत्नी मुंबईत कर्करोगाच्या एका औषधचाचणीत होती (लसीच्या नव्हे), त्या अनुभवावरून लिहितो. अधिकृत चाचणीत चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. आम्हाला दुरांतोचे भाडेसुद्धा परत मिळत असे. जिथे लाखांची मागणी आहे, तिथे चाचणी नाही, विक्री आहे.

भारतातील प्रत्येक औषधचाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणे १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. तिच्या संकेतस्थळावर आजाराचे नाव टाकले की चाचणी कोणत्या रुग्णालयांत आहे, भरती सुरू आहे की संपली, नैतिकता समितीची मंजुरी मिळाली आहे का, हे सर्व दिसते. त्या गृहस्थांना नोंदणी क्रमांक विचारा. लस खासगी वापरासाठी आयात करतो असे ते म्हणाले, तर केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना आणि शीतपेटीत तापमान कसे राखणार याचा तपशील लेखी मागा.

संमतिपत्रक मराठीतच मागावे आणि घरी आणून वाचावे. आमचे बरेच पानांचे होते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई, आणि कोणत्याही क्षणी बाहेर पडण्याचा हक्क, ही कलमे त्यात शोधा. २०१९ च्या नियमांनुसार ती असावीच लागतात. आणि एक काम आजच करा : बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक पॅथॉलॉजीतून सही करून घ्या, किंवा तो तिथे जपून ठेवला आहे याची खात्री करा. इंचभराच्या प्लॅस्टिकच्या चौकटीत मेणात बसवलेला तो तुकडा संपला किंवा हरवला, तर कोणत्याही चाचणीआधी पुन्हा सुई घालावी लागते. आमच्यावर ती वेळ आली होती.

त्रिमूर्तीनगरकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. त्या गृहस्थांना नोंदणी क्रमांक विचारला, तो ते देऊ शकले नाहीत. आईला आपली उत्तरे वाचून दाखवली, मंगळसूत्राचा विषय संपला आहे. एवढेच विचारतो : आज चाचणी नसेल, तर पुढे दार उघडे राहावे म्हणून आम्ही आता काय करावे? वडिलांना धाप लागते, भूक नाही, आणि अंगदुखीमुळे झोप येत नाही.

धंतोलीचे निवृत्त छातीरोगतज्ज्ञ

चाचणीत घेताना रुग्णाची हिंडण्या-फिरण्याची क्षमता पाहतात. बहुतेक ठिकाणी स्वतःची कामे स्वतः करणारा रुग्णच घेतात, आणि स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असेल तर इम्युनोथेरपीच्या किंवा लसीच्या चाचणीतून सहसा वगळतात. म्हणून भूक वाढावी यासाठी कोणी परस्पर स्टेरॉइड सुरू करत असेल, तर आधी तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा. धाप मात्र लगेच दाखवा. पाणी पुन्हा साठले असेल किंवा क्वचित पेम्ब्रोलिझुमॅबनेच फुप्फुसाला सूज आली असेल, आणि तशी सूज असल्यास स्टेरॉइड द्यावेच लागतात, तिथे चाचणीचा विचार मागे ठेवायचा.

दुखणे आणि झोप यांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांची भेट याच आठवड्यात मागा. हा विभाग शेवटच्या दिवसांसाठीच असतो, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेत फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, निदानापासूनच ही सेवा मिळालेल्यांचे मध्यम आयुर्मान ११.६ महिने होते, इतरांचे ८.९, आणि त्यांना नैराश्यही कमी आले. यासाठी परदेशातून काही मागवावे लागत नाही. पुढच्या ओ.पी.डी.ला जाताना धाप कधी लागते, रात्री किती वेळा जाग येते आणि वजन किती उतरले, हे एका कागदावर लिहून न्या, म्हणजे त्या पाच मिनिटांत हे सगळे सांगून होईल.