मदत हवी आहे : मॉरिशसमधील मराठी मजुरांची मूळ गावे

सप्रेम नमस्कार,

मी समाजशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मॉरिशसवर प्रबंध लिहीत आहे. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मोठ्या संख्येने नेण्यात आले, आणि त्यांपैकी मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली बरीच माणसे होती. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव जपला. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. स्वातंत्र्यानंतर (१९६८) साखरेवरचे अवलंबित्व कमी करण्यासाठी १९७० मध्ये निर्यातक्षेत्राचा (निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा) कायदा झाला आणि कापड कारखान्यांत स्त्रिया मोठ्या प्रमाणावर कामाला लागल्या. मळ्यावरची वस्ती सुटल्यावर घरातली मराठी, सणवार आणि लग्नसंबंध यांचे काय झाले, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

अडचण मूळ गावांची आहे. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरलेल्यांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. परंतु परक्या कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेले नाव रत्नागिरीकडचे की सावंतवाडीकडचे, हे ठरवताना मी वारंवार अडते. एकोणिसाव्या शतकातील कोकणच्या गावांची, वाड्यांसह दिलेली, विश्वासार्ह यादी कोठे पाहता येईल? मुंबईच्या राज्य अभिलेखागारात स्थलांतराची कागदपत्रे कोणी चाळली असल्यास कोणत्या खात्याच्या खंडांपासून सुरुवात करावी, हेही कृपया सांगावे. आपल्या घराण्यातले कोणी मॉरिशसला गेल्याची आठवण घरात सांगितली जात असेल, तर ती ऐकण्याची मला मनापासून इच्छा आहे.