मदत हवी आहे: फाउंडेशन लावलं की चेहरा राखाडी दिसतो, रविवारी भावाचं लग्न

करवली_सांगली
डोकं उठलंय नुसतं. शनिवारी हळद, रविवारी लग्न. मागच्या आठवड्यात बाजारातल्या एका दुकानातून साडेपाचशेचं फाउंडेशन आणलं. काल केळवणाला लावून गेले तर फोटोत तोंड वेगळं आणि मान वेगळी. राख फासल्यासारखं दिसतंय. पार्लर नको, करवली म्हणून सकाळपासून पळापळ असणार, माझं मीच करणार आहे. कोणता शेड घेऊ तेवढं पटकन सांगा.

राजपथ_सातारा
अगं, आत्ता कोणता आहे? त्वचा तेलकट की कोरडी? रंग कसा? काहीच लिहिलं नाहीस. मी मेबलिन फिट मी 310 सन बेज वापरते. चार वर्षांत कधी तक्रार नाही. डोळे झाकून घे.

ब्रशपेटी
डोळे झाकून घेऊ नकोस. त्याच रेंजमध्ये 128 वॉर्म न्यूड आहे, 230 नॅचरल बफ आहे, 330 टॉफी आहे. 310 हिला चालेल हे न बघता कसं सांगणार? मी सतरा वर्षं नवऱ्या मुली सजवतेय, फोनवर शेड सांगायची हिंमत अजून होत नाही. ताई, एवढंच सांगा: लावल्या लावल्या राखाडी दिसतं की दोन-तीन तासांनी?

करवली_सांगली
त्यानं काय फरक पडतो? रंग गव्हाळ, जरा सावळ्याकडे. शेडचा नंबर पुसला गेलाय. दुकानात मनगटावर लावून दाखवलं, छान दिसलं. म्हणाले, लग्न आहे तर एक शेड उजळ घ्या, खुलून दिसाल.

ब्रशपेटी
मग तिथंच चुकलं. मनगटाच्या आतल्या बाजूला ऊन लागत नाही, ती चेहऱ्यापेक्षा उजळच असते. आणि फरक पडतो तो असा: लावल्या लावल्या राखाडी दिसलं तर शेड फिका आहे किंवा त्यात गुलाबी झाक आहे. फिक्या शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरं रंगद्रव्य जास्त असतं. आपल्या पिवळसर-तपकिरी त्वचेवर त्याचा थर बसला की राखेसारखा दिसतो. आधी बरोबर वाटून दोन तासांनी बदललं, तर बहुतेक गडद नाहीतर नारिंगी होतं. चेहऱ्याचं तेल आणि हवा लागून रंग उतरतो, त्याला ऑक्सिडाइझ होणं म्हणतात. पहिल्यात शेड बदलायचा, दुसऱ्यात आधी तेलाचा बंदोबस्त करायचा. आता सांगा.

मिरजकर
एवढं कशाला? मनगटावरच्या शिरा बघा. हिरव्या असतील तर वॉर्म, म्हणजे पिवळसर झाकेचा शेड, निळ्या असतील तर कूल, म्हणजे गुलाबी झाकेचा. बहिणीनं तसंच घेतलं.

राजपथ_सातारा
आपल्या रंगाला ती शिरांची परीक्षा नीट लागू पडत नाही. माझ्या एका हाताच्या हिरव्या दिसतात, दुसऱ्याच्या निळ्या. दोन हातांना दोन फाउंडेशन घेऊ का?

वाईची_मावशी
बाळांनो, आमच्या वेळी साय, डाळीचं पीठ आणि चिमूटभर हळद, बस. लग्नघरात चेहरा आपोआप उजळतो. सावळी आहेस म्हणून झाकायचं कशाला?

करवली_सांगली
मावशी, मी झाकायला नाही बसलेले. मला उजळ व्हायचं नाही, मान आणि तोंड एकसारखं दिसलं पाहिजे एवढंच म्हणणं आहे. ब्रशपेटीताई, लावल्या लावल्याच राखाडी. आणि शनिवारी अंगभर हळद लागणारच आहे.

हळदपेठ
हळदीचं मी सांगतो, घरचा धंदा आहे. राजापुरी जातीच्या हळदीचा रंग चांगलाच चढतो, दुसऱ्या दिवशीही अंगावर दिसतो. हळदीचा रंग म्हणजे कुरकुमिन. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून साबणानं घासत बसू नका. आधी खोबरेल चोळा, मग डाळीच्या पिठानं धुवा. आणि हळद माहितीतल्या दुकानातूनच घ्या. स्वस्त हळदीत मेटॅनिल यलो या कृत्रिम रंगाची भेसळ सापडते, ती चेहऱ्याला नको. आपल्या सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी लोक लग्नाला बिननावाची पुडी आणतात, जीव तुटतो.

ब्रशपेटी
दादा, मोठं काम केलंत. ताई, हळदीनंतर चेहरा पिवळसर राहतो. आज जुळवलेला शेड रविवारी जुळेलच असं नाही. चेहऱ्याला हळद टेकवायची तेवढीच, आणि मानेला सुद्धा लावू द्या, म्हणजे दोन्हीकडे सारखा रंग राहील. बरं, राखाडी सगळीकडे दिसतं की काही भागातच?

करवली_सांगली
गालांवर जास्त. दुसऱ्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर वांग आहे. त्याचा काय संबंध?

ब्रशपेटी
ताई, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! वांगाचा तपकिरी डाग फिक्या फाउंडेशनखालून राखाडीच दिसतो. कितीही थर दिलेत तरी तोच रंग. फाउंडेशनच्या आधी फक्त डागावर पीच किंवा नारिंगी करेक्टर, म्हणजे डागाचा रंग मारणारं क्रीम, बोटानं थोपटा, अगदी पातळ. मग स्वतःच्या रंगाचं फाउंडेशन, घासायचं नाही, ओल्या स्पंजनं दाबत जायचं. खाली सनस्क्रीन लावता का? कोणतं?

मिरजकर
वांगाला मेडिकलमध्ये एक ट्यूब मिळते, आठ दिवसांत गाल स्वच्छ. नाव मेसेजमध्ये देतो.

कोरडी_त्वचा
नाव देऊ नका. मी तीच लावली होती. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, तिन्ही एकात. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी विचारलं, काय लावतेस. पाचव्या महिन्यात उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे व्हायचे, लव वाढली, सोडलं की पुरळ उठायचं. त्यात स्टेरॉइड असतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं. डॉक्टर देतात ते मोजून काही आठवडे. मिरज सिव्हिलला त्वचेचा विभाग आहे, लग्न झाल्यावर तिथं दाखव. चार दिवसांत वांग जात नाही गं, कुणीही काहीही सांगू दे.

मिरजकर
माझ्या वहिनीला काहीच झालं नाही.

कोरडी_त्वचा
अजून झालं नाही. त्यांना आजच विचारा, किती महिने लावतायत.

करवली_सांगली
ट्यूब नको. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं आहे, पांढरट पडतं. मी वरून फाउंडेशन लावते म्हणून लक्ष दिलं नाही.

ब्रशपेटी
तो आणखी एक पांढरा थर. वांगाला सनस्क्रीन सोडू नका, टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाचं घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, वांगाला तेच लागतं. दहा मिनिटं मुरू द्या, मग पुढचं. आता दुकानात जा आणि तीन शेड जबड्याच्या कडेला, गालापासून मानेपर्यंत उभ्या पट्ट्या ओढून घ्या. ट्यूबलाइटखाली ठरवू नका, रस्त्यावर या. तासभर थांबून परत बघा.

सौ_विटा
विषय निघालाच आहे तर, माझा कॉम्पॅक्ट नाकावर फाटतो. जांभळ्या पैठणीवर लिपस्टिक कोणती चालेल?

राजपथ_सातारा
वेगळा धागा काढा ना, हिला चारच दिवस आहेत.

करवली_सांगली
आले जाऊन. दुकानदार कुरकुरले, पण तिन्ही लावू दिले. तासभर काढायचा म्हणून भडंग घेऊन कृष्णेच्या घाटावर बसले, धाकटा सोबत होता. त्याला विचारलं, आईच्या गालावर किती रेघा? म्हणाला दोन. मधली त्याला दिसलीच नाही. मी आणला होता त्यापेक्षा दोन शेड गडद आहे ती, पिवळ्या झाकेची. तीच घेतली, करेक्टरही घेतला. टिंटेड सनस्क्रीन मात्र मिळालं नाही.

ब्रशपेटी
विश्रामबागेकडच्या मोठ्या मेडिकलमध्ये विचारा. आणि शनिवारी हळद उतरवल्यावर खिडकीत बसून एकदा पूर्ण लावून बघा. जुनं फेकू नका, नवं जास्तच गडद वाटलं तर त्यातला एक थेंब मिसळता येईल.

हळदपेठ
आधी खोबरेल. विसरू नका.