वेबसाइटवरच्या बारीकसारीक पण भारी सोयी: तुमचे अनुभव लिहा

आज एका फॉर्ममध्ये फोन नंबर पेस्ट केला. मधे स्पेस, पुढे जास्तीचं शून्य. फॉर्मने कटकट न करता आपणहून सगळं नीट करून घेतलं. आणि ते जुने फॉर्म आठवले! एक रकाना चुकला की सबमिटनंतर अख्खं पान कोरं, पुन्हा नावापासून भरा. अगदी रडकुंडीला यायचे मी. आज ज्याने कुणी ती स्पेस काढायची सोय केली, त्याला मनापासून सलाम. तुम्हाला असं काय काय भेटलंय?

—

जीमेलचं अनडू सेंड, म्हणजे पाठवलेली मेल लगेच रद्द करायची सोय!! सेटिंगमध्ये जाऊन ५ चे ३० सेकंद करून टाका, आत्ताच. मेल परत येत नाही बरं का, तेवढा वेळ ते निघालेलंच नसतं. २००९ मध्ये प्रयोग म्हणून आलं, नेहमीच्या सेटिंगमध्ये यायला २०१५ उजाडलं.

—

+१
अटॅचमेंट लिहिलंय पण फाइल जोडलेली नाही, तर विचारतं तेही.

—

विकिपीडियावर लिंकवर माउस नेला की छोट्या चौकटीत पहिला परिच्छेद आणि चित्र. पंधरा टॅब उघडणं थांबलं.
बाळ उठलं, बाकी नंतर.

—

मी स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. चांगल्या साइटवर पान उघडून कीबोर्डवरचं टॅबचं बटण दाबलं की पहिलीच लिंक येते, 'थेट मजकुराकडे जा'. माउस वापरणाऱ्यांना ती दिसतसुद्धा नाही. ती नसली की दर पानावर तोच मेनू पहिल्यापासून ऐकायचा. दुसरं म्हणजे चुकांचे संदेश. नुसती चौकट लाल केली तर मला काय कळणार? 'तारखेत महिना राहिला' असं शब्दांत सांगून कर्सर त्याच रकान्यात नेऊन ठेवणारे फॉर्म आहेत. तिथे कुणाला हाक न मारता माझं काम होतं.

—

वरचा प्रतिसाद फार आवडला. टीममध्ये दाखवते.

—

बाजूला उघडणारे मेनू. कर्सर तिरका नेला की मधल्या ओळीला लागतो आणि हवा तो मेनू मिटतो. अ‍ॅमेझॉनने यावर छान तोड काढली होती. कर्सरपासून उपमेनूच्या दोन कोपऱ्यांपर्यंत न दिसणारा त्रिकोण धरायचा, कर्सर त्यात आहे तोवर मेनू हलवायचा नाही. मूळ कल्पना १९८०च्या दशकातल्या मॅकची. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही, म्हणून मला ही सगळ्यात जास्त आवडते.

—

ओटीपीच्या रकान्यात थेट आकड्यांचा कीपॅड. बस, एवढंच हवं असतं.

—

यूट्यूबवर कीबोर्डचं के दाबलं की थांबतं, जे आणि एलने दहा सेकंद मागेपुढे. लेकीने दाखवलं.

—

यूट्यूबचा विषय निघालाच आहे तर, व्हिडिओ मधूनच सुरू होईल अशी लिंक कशी पाठवायची? बहिणीला गाण्याचा एकच तुकडा ऐकवायचाय.

—

कॉम्प्युटरवर ना? हव्या त्या जागी थांबवा, व्हिडिओवर राइट क्लिक, करंट टाइमवाली यूआरएल कॉपी करा.

—

जमलं! धन्यवाद. तिचा लगेच फोन आला, आता तासभर सुट्टी नाही.